हेल्थ आय.टी.चा एक्स्पर्ट म्हणजे नक्की कोण?



थर्ड इयर सुरू झालं की होस्टेलमध्ये 'डोमेन' हा शब्द कानावर पडायला लागतो. बँकिंग डोमेन, टेलिकॉम डोमेन आणि हल्ली सगळ्यात जास्त हेल्थकेअर डोमेन. मेसमध्ये ताट घेऊन बसलं की कुणीतरी विचारतंच, "हेल्थकेअरमध्ये जायचं तर काय लागतं गं, जावा की पायथन?" त्यावर दुसरी म्हणते, "तिथे डॉक्टरच पुढे जातात. आपण नुसत्या कोड लिहिणाऱ्या." मला ही दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. त्यापेक्षा, ज्यांनी हे काम खरोखर केलं त्यांचं मूळचं शिक्षण काय होतं, ते कुठल्या धंद्यातून आले, हेच बघितलं तर? या लेखात तेवढंच करायचं आहे. त्यासाठी अमेरिकेला जायची फारशी गरज नाही. थोडंसं जाऊन येऊ, पण खरा मुक्काम आपल्या बार्शीत.

एक सांगून ठेवते. मी वैरागची असले तरी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. एकोणऐंशी म्हणजे किती हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. म्हणून आकडे आकड्यांतच लिहिते. मराठीच्या मॅडमनी परवानगी दिली आहे.

आधी थोडं बाहेरचं

१९६०च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. दवाखान्यातली माहिती कॉम्प्युटरवर आली पाहिजे असं त्यांच्या मनात होतं. त्यांच्या लॅबमध्ये नील पापालार्डो हा एम.आय.टी.चा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आला आणि १९६६-६७ च्या सुमारास तिथे 'मम्प्स' ही भाषा तयार झाली. नाव गालगुंडाचं, काम डेटाबेसचं! आपल्या डी.बी.एम.एस.च्या पुस्तकात तिचा उल्लेखही नसतो, पण ती आणि तिच्या वंशातल्या सिस्टिम्स आजही मोठमोठ्या दवाखान्यांत चालू आहेत. त्याच काळात लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी १९६८ साली एक साधी गोष्ट मांडली. केसपेपर तारखांप्रमाणे लिहिण्याऐवजी पेशंटच्या तक्रारींप्रमाणे लिहा. म्हणजे 'दम लागतो' या तक्रारीखाली तपासणी, औषध, पुढचा विचार असं सगळं एकत्र येईल. कॉम्प्युटर तेव्हा बहुतेक दवाखान्यांत नव्हताच. तरी आजच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच्या मांडणीत वीड यांचा हात दिसतो. डेटा स्ट्रक्चर आधी कागदावर बदललं, मशीन मागून आलं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण बह्मनी या सॉफ्टवेअरचं. छत्तीसगडमध्ये गनियारी या गावी जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आहे, एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभी केलेली. थॉटवर्क्स कंपनीच्या इंजिनिअर्सनी तिथे काम करून ओपन-एम.आर.एस.च्या पायावर हे सॉफ्टवेअर बांधलं. ते ओपन सोर्स आहे, कोड कुणालाही बघता येतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर बघावा.

म्हणजे एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे इंजिनिअर, झालं का? नाही. इथेच बार्शीची गोष्ट सुरू होते.

साडेतीनशे गावांची नोंद

आमचं वैराग सोलापूर-बार्शी रस्त्यावर, तालुका बार्शी. बार्शी म्हटलं की लोकांना भगवंताचं मंदिर आठवतं आणि बाजारपेठ आठवते. पण जगातल्या कॅन्सरच्या अभ्यासकांना बार्शी वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. १९८७ साली इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, सुमारे साडेतीनशे गावं. या गावांत राहणाऱ्या कुणालाही कॅन्सर झाला तर त्याची नोंद झालीच पाहिजे, असं हे काम.

रजिस्ट्री म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, कारण 'हॉस्पिटलचा डेटाबेस' आणि 'रजिस्ट्री' यात आपण नेहमी गल्लत करतो. हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये जो आला तो दिसतो, जो आला नाही तो नाही. त्यात हजार पेशंट असले तरी किती लोकांमागे हजार, हे कळत नाही. रजिस्ट्रीत खाली छेद असतो. ठरलेला भाग, त्यातली ठरलेली लोकसंख्या, आणि वर त्या भागातले सगळे पेशंट, मग ते सोलापूरला गेलेले असोत, मुंबईला गेलेले असोत की घरीच बसलेले असोत. अंशाबरोबर छेदही माहीत असेल तरच दर काढता येतो. हे पाचवीच्या गणितात झालेलं आहे, पण हेल्थ आय.टी.चा निम्मा खेळ यावरच चालतो असं माझं मत आहे.

शहरात हे जरा सोपं. मुंबईची रजिस्ट्री १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली, त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. ते मूळचे सर्जन. मुंबईत मोठी हॉस्पिटलं आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत, मृत्यूचे दाखले आहेत. नोंदवणाऱ्यानं या ठिकाणी फिरून माहिती गोळा केली की बरंच काम होतं. पण १९८७ सालच्या परांडा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात कुठली लॅब आणि कुठला दाखला? तिथल्या बाईला अंगावरून जातंय, वास येतोय, ती कुणाला सांगणार? सासूला सांगायलाही लाज. ती दवाखान्याची पायरी चढलीच नाही, तर कुठलंही सॉफ्टवेअर तिला शोधून काढू शकत नाही.

म्हणून बार्शीकरांनी पद्धत उलटी केली. पेशंटची वाट बघायची नाही, गावात जायचं. रजिस्ट्रीचे कार्यकर्ते ठरलेल्या गावांना पुन्हा पुन्हा भेट द्यायचे, लोकांना जमवून कॅन्सरची लक्षणं सांगायचे, गावातल्या जाणत्या माणसांकडे चौकशी करायचे आणि शंका आली तर त्या माणसाला तपासणीसाठी हॉस्पिटलपर्यंत आणायचे. या कामाचे प्रमुख डॉ. भगवान नेने. आकड्यांची बाजू सांभाळणाऱ्यांत कस्तुरी जयंत यांचं नाव महत्त्वाचं. त्या काही बार्शीत येऊन आकडेशास्त्र शिकल्या नाहीत. त्याआधी मुंबईत त्यांनी तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर काम केलं होतं. १९७७ च्या त्या पेपरवर त्यांच्यासोबत एल. डी. संघवी हे मानवी जनुकशास्त्रज्ञ आणि वर सांगितलेले जस्सावाला यांचीही नावं आहेत. सर्जन, जनुकशास्त्रज्ञ आणि आकडेशास्त्राची माणसं एका पेपरवर!

या पद्धतीचा एक परिणाम झाला. गावोगाव माहिती मिळाल्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. १९९५ साली हे छापूनही आलं. म्हणजे नोंद ठेवायला निघालेल्या माणसांनी नोंद ठेवता ठेवता आजाराचा टप्पाच बदलला. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा कलेक्शननंच आउटपुट सुधारलं.

नोंद होते कशी

आता थोडा अभ्यास. एक कॅन्सर नोंदवायचा म्हणजे नाव, गाव, वय एवढं पुरत नाही. कॅन्सर कुठे झाला आणि कुठल्या जातीचा, हे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये लिहावं लागतं. गर्भाशयमुखासाठी सी ५३. त्यातला नक्की भाग माहीत नसेल तर सी ५३.९. पेशींच्या प्रकाराचा कोड वेगळा. स्क्वेमस सेल कार्सिनोमा म्हणजे ८०७०/३. शेवटचा ३ सांगतो की गाठ घातक आहे आणि इथूनच सुरू झालेली आहे. तिथे ६ असता तर अर्थ झाला असता की दुसरीकडून पसरून आलेली. एका आकड्यानं एवढा फरक. शिवाय निदान कशावरून केलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघून की नुसतं डॉक्टरांनी तपासून, तेही लिहायचं.

हे कोड लावणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा तो डॉक्टर नसतो आणि इंजिनिअरही नसतो. तो मेडिकल रेकॉर्डचं शिक्षण घेतलेला असतो, किंवा सायन्स ग्रॅज्युएट असतो आणि कामावरच शिकलेला असतो. पॅथॉलॉजिस्टचं रिपोर्टमधलं गिचमिड अक्षर वाचून, 'प्रायमरी' कुठली आणि 'सेकंडरी' कुठली हे ओळखून तो कोड टाकतो. आपण ड्रॉपडाउन करून देतो आणि समजतो की काम आपण केलं.

एकच बाई, तीन नावं

इंजिनिअरला खरा घाम फुटतो तो इथे. समजा एका बाईचं नाव शकुंतला. गावच्या यादीत शकुंतलाबाई. हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'शकू' आणि पुढे नवऱ्याचं नाव. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर इंग्रजीत शकुंतला, पण स्पेलिंग भलतंच, आणि आडनाव माहेरचं, कारण सोबत भाऊ आला होता. वय एकीकडे ४५, दुसरीकडे ५०, तिसरीकडे 'अंदाजे ५५'. आमच्या आजीचे जुने कागद मी एकदा पसरून बघितले तेव्हा तिची तीन वेगवेगळी वयं आणि दोन आडनावं मिळाली होती. आजी म्हणाली, "अगं, त्यांनी इचारलं, म्या सांगितलं. नेमकं कुणाला ठावं हाय?"

आता मशीननं काय करायचं? लेव्हेन्श्टाइन अंतर आपल्याला अल्गोरिदमच्या लेक्चरला शिकवलं. एका शब्दातून दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते. पण 'शकू' आणि 'शकुंतलाबाई' यांच्यातलं अंतर मोठं येतं, तरी बाई एकच. आणि 'कमल' आणि 'विमल' यांच्यातलं अंतर छोटं येतं, पण त्या जावा-जावा असू शकतात, एकाच घरातल्या, एकाच आडनावाच्या, जवळपास एकाच वयाच्या! साउंडेक्स इंग्रजी आडनावांसाठी बनवलेलं, ते आपल्या 'बाई', 'ताई', 'राव' पुढे गोंधळतं.

इथे चुका दोन प्रकारच्या होतात आणि दोन्हींची किंमत सारखी नाही. एका बाईच्या दोन बायका केल्या तर गावात कॅन्सर वाढला असं दिसेल. दोन बायकांची एक केली तर एक बाई कागदावरून पुसली जाईल, तिची चौकशी कुणी करणार नाही, ती गेली तरी कुणाला कळणार नाही. कुठली चूक जास्त चालेल हे प्रोग्रॅमरनं एकट्यानं ठरवायचं नसतं. मशीननं 'ही जोडी एकच वाटते' एवढं सांगावं, आणि निकाल तो कार्यकर्ता देईल ज्याला माहीत आहे की त्या वस्तीत शकुंतला किती आहेत. नामवंत युनिव्हर्सिटीची डिग्री नसली तरी त्या क्षणी एक्स्पर्ट तोच.

चौतीस आणि चौसष्ट

ही नोंद ठेवायची सवय किती मोलाची ठरली ते पुढच्या गोष्टीत दिसतं. १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, ५२ गटांत. काही गटांना एच.पी.व्ही. या विषाणूची टेस्ट, काहींना पॅप स्मिअर, काहींना ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि काहींना नेहमीप्रमाणेच, वेगळी तपासणी नाही. तपासणीचं काम केलं प्रशिक्षण दिलेल्या नर्सबाईंनी.

आठ वर्षांनी हिशोब झाला. एच.पी.व्ही. टेस्टच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. कॅल्क्युलेटर घ्या आणि भागा. दर दहा हजारांमागे सुमारे १० आणि सुमारे २०. निम्मं. पॅप स्मिअर आणि डोळ्यांनी तपासणी या गटांत मृत्यू ५४ आणि ५६ होते, तिथे ठामपणे फरक पडला असं म्हणता आलं नाही. एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे आलं आणि जगभर वाचलं गेलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पहिली तपासणी म्हणून एच.पी.व्ही. टेस्टची शिफारस केली.

आता हे दोन आकडे पुन्हा बघा. ३४ आणि ६४. फरक फक्त ३० मृत्यूंचा, तोही सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात. प्रत्येक मृत्यू कुठल्या तरी वाडीवर, वस्तीवर झालेला. त्यातले वीस-पंचवीस जरी नोंदवायचे राहिले असते, किंवा 'पोटदुखीनं वारली' असे लिहिले गेले असते, तर हा निष्कर्ष निघालाच नसता. सर्व्हर कितीही फास्ट असता तरी नाही.

त्या पेपरवर पंधरापेक्षा जास्त नावं आहेत. मी एकेकाची पार्श्वभूमी शोधायला बसले. रंगस्वामी शंकरनारायणन आणि केतायुन दिनशॉ हे रेडिएशननं कॅन्सरवर उपचार करणारे डॉक्टर. सुरेंद्र शास्त्री प्रतिबंधक बाजूचे. रोशन चिनॉय पॅथॉलॉजीच्या, रोहिणी केळकर मायक्रोबायॉलॉजीच्या, शुभदा काणे पेशी तपासणीच्या. रिचर्ड मुवोंगे आकडेशास्त्राचे. नेने आणि कस्तुरी जयंत आहेतच. आपल्यासारखा नुसता 'सॉफ्टवेअर'वाला मला त्यात सापडला नाही. आपली ब्रँच कमी महत्त्वाची आहे असा त्याचा अर्थ नाही. पण 'एक्स्पर्ट' या शब्दाचा आपण किती छोटा अर्थ घेतो ते त्यावरून कळतं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. या अभ्यासावर पुढे कडक टीकाही झाली. तपासणीनं जीव वाचू शकतो अशी शक्यता असताना एका गटाला तपासणीशिवाय का ठेवलं? संशोधकांचं म्हणणं होतं की तेव्हा भारतात अशी तपासणी नेहमीच्या सेवेत नव्हतीच, आणि त्या गटातल्या बायकांनाही माहिती दिली होती. मला दोन्ही बाजू वाचून अजून झोप लागेल असं उत्तर मिळालेलं नाही. ६४ हा आकडा लिहिताना तो आकडा आहे हे विसरायला होतं. हेल्थ आय.टी.च्या टीममध्ये असा प्रश्न विचारणारं माणूस हवं, आणि त्याचा विषय कदाचित कायदा असेल, तत्त्वज्ञान असेल, नाहीतर समाजशास्त्र.

सरकारी बाजू

इथे थोडक्यात सांगते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर जाहीर झालं, आणि 'आभा' हा १४ आकडी नंबर आता अनेकांच्या मोबाईलमध्ये आहे. तेव्हा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे प्रमुख होते आर. एस. शर्मा. आय.ए.एस. अधिकारी, पण आय.आय.टी. कानपूरला गणित शिकलेले, नंतर कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर सायन्स केलेले, आणि आधी 'आधार'चे पहिले महासंचालक. त्यामुळे 'आभा'ची बांधणी 'आधार'च्या ओळखीची वाटते यात नवल नाही. माणूस जिथून येतो तिथली घडण सिस्टिममध्ये उतरतेच. डॉक्टरनं बांधलेल्या सिस्टिममध्ये आजार मध्यभागी असतो, प्रशासकाच्या सिस्टिममध्ये ओळख, आणि आपण बांधली तर बहुतेक लॉगिन पेज!

पुण्याच्या सी-डॅकमध्येही या विषयाचं मोठं काम आहे. २०१४ साली भारत 'स्नोमेड सी.टी.' या वैद्यकीय शब्दकोशाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद झाला आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र सी-डॅक पुणे इथे आहे. सातारचा डॉक्टर आणि सिडनीचा डॉक्टर एकाच आजाराला एकच कोड देतील, हा त्यामागचा हेतू. इथे आपल्या ब्रँचला आणि ज्यांना भाषेची आवड आहे त्यांनाही जागा आहे, कारण हे काम शेवटी शब्दांच्या अर्थाचं आहे.

मग आपण काय करायचं

फायनल इयरला बऱ्याच ग्रुप्सना 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' घ्यायची असते. दरवर्षी तेच, अपॉइंटमेंट, बिल, रिपोर्ट डाउनलोड. मी सुचवेन की त्यापेक्षा वर सांगितलेलं नावं जुळवण्याचं काम घ्या, मराठी नावांसाठी. पण गाइड सरांना सिनॉप्सिस दाखवण्याआधी दोन दिवस एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, अर्थात रीतसर विचारून, केसपेपरच्या खिडकीशेजारी उभे राहा. खिडकीतला माणूस एका पेशंटला किती सेकंद देतो, 'वय?' विचारल्यावर लोक काय उत्तर देतात, आशाताई त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव कसं लिहितात, आधी सासरचं की आधी स्वतःचं, हे वहीत टिपा. ते रिक्वायरमेंट ॲनालिसिस आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरला आपण त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहितोच.

खऱ्या पेशंटची नावं मात्र टेस्टिंगला घेऊ नका, कितीही सोपं वाटलं तरी. त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि २०२३ पासून वैयक्तिक माहितीबद्दल देशाचा कायदाही झाला आहे. टेस्टिंगसाठी डेटा हवाच असेल तर आपल्या मेसची वही घ्या, मुलींना विचारून. रोजच्या हजेरीला जी समोर येईल ती वेगळ्या अक्षरात नाव लिहिते, कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी नुसता रूम नंबर. मागच्या महिन्याची वही मी चाळली. माझं एकटीचं आडनाव त्यात चार प्रकारे आहे, आणि एका दिवशी मी दोनदा जेवले असं दाखवलंय.